हॉटेलात एकटीने राहताना: खोलीत शिरल्यावर काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या महिन्यापासून कामासाठी वेगवेगळ्या शहरांत एकटीने हॉटेलात राहावं लागणार. मागे एकदा राहिलात तेव्हा दाराला खुर्ची टेकवून पहाटेपर्यंत जाग्या होतात. मग खबरदारीच्या बऱ्याच याद्या वाचल्या, पण प्रत्येक यादीत एक नवी भीती सापडली. म्हणून विचारताय की खोलीत गेल्यावर नक्की काय काय तपासायचं, आणि त्यानंतर झोप कशी लागेल?

मी हाउसकीपिंगमध्ये कामाला लागले, पुढे फ्रंट ऑफिसला आले आणि बरीच वर्षं रात्रपाळीची ड्यूटी मॅनेजर होते. पाहुणे दाराच्या आतून जे बघतात ते मी बाहेरून बघत आलेय. तुमचं पत्र वाचून मला असं वाटलं की तुमच्याकडे माहिती कमी नाही. अडचण ही आहे की तुमची तपासणी कधी संपतच नाही. कॅमेरा शोधून झाला की कुलूप, कुलूप झालं की खिडकी, मग पुन्हा कॅमेरा. ‘आता बस, इथे झोपायला हरकत नाही’ असं स्वतःला सांगता येईल अशी जागा तुम्ही ठरवलेली नाही. म्हणून मी महत्त्वानुसार क्रम देते, सांगताना मात्र खोलीत शिरण्याच्या ओघाने सांगेन. आधी जीवावर बेतू शकेल ते, मग कुलूप आणि खासगीपणा, मग चोरी, आणि शेवटी आराम. बहुतेक गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत उरकतात. एखादी गोष्ट नापास झाली तर उपाय जवळजवळ नेहमी एकच असतो: खोली बदलून मागायची.

एक आधीच सांगते. कशावर जास्त लक्ष द्यायचं हे जागेवर अवलंबून आहे. मोठ्या, बहुमजली हॉटेलात मी आधी आगीचा जिना बघेन. छोट्या लॉजमध्ये बाथरूममधला गिझर आणि दाराची कडी. कुणाच्या घरातली खोली भाड्याने घेतली असेल तर किल्ली आणखी कुणाकुणाकडे आहे आणि खोलीत डोळ्यांत भरणाऱ्या नवीन वस्तू कोणत्या, हे आधी. तुमचे गुडघे दुखत असतील, दमा असेल, झोपेची गोळी घेत असाल, तर उत्तर आणखी बदलतं. तेव्हा खाली लिहिलेलं सगळं सगळीकडे सारख्याच जोराने लागू करू नका.

सुरुवात खोली निवडण्यापासून. तळमजला मी टाळते, कारण तिथे खिडकीपर्यंत कुणीही पोचू शकतं. फार वरचे मजलेही टाळते, कारण अग्निशमन दलाच्या शिड्यांना मर्यादा असते आणि जिना उतरायला वेळ लागतो. दुसरा ते सहावा मजला हा चांगला मध्य आहे. लिफ्टजवळ की लांब, यावर मात्र लोकांचं एकमत होत नाही, आणि ते बरोबरच आहे. लिफ्टजवळ वर्दळ असते, रात्री उशिरा एकटीने लांब कॉरिडॉर चालावा लागत नाही, पण आवाज येतो. अगदी टोकाची खोली शांत असते, पण निर्जन. मी सांगेन की लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून, कॉरिडॉरच्या मधली खोली मागा. मागताना एवढंच विचारा की या खोलीच्या भिंतीपलीकडे, वर आणि खाली काय आहे. सर्व्हिस लिफ्ट, हाउसकीपिंगची पँट्री, बँक्वेट हॉल, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट किंवा जनरेटर असेल तर ती खोली कितीही सुंदर असली तरी झोप मिळणार नाही. पँट्रीजवळ तर सकाळी ट्रॉल्यांचा खडखडाट ठरलेला.

ही विनंती बुकिंगच्या वेळी लिहिलीत तरी आदल्या दिवशी हॉटेलला थेट फोन करा. कोणाला कोणती खोली द्यायची हे बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी सकाळी, येणाऱ्या पाहुण्यांची यादी समोर ठेवून ठरतं. आदल्या संध्याकाळी केलेल्या फोनची नोंद त्या यादीत नावापुढे असते. रात्री दहा वाजता काउंटरवर मागितलेली खोली उरलेल्यांमधूनच मिळते.

फोन केल्याचा दुसरा फायदा असा की हॉटेलचा खरा नंबर तुमच्याकडे राहतो. बुकिंग झाल्यावर ‘कार्डाची माहिती पुन्हा भरा, नाहीतर बुकिंग रद्द होईल’ असे मेसेज पाहुण्यांना येतात, आणि त्यात तुमचं नाव, तारखा सगळं बरोबर असतं, कारण ते हॉटेलचं खातं हॅक करून पाठवलेले असतात. अशा लिंकवर काहीही भरू नका. हॉटेलच्या त्या खऱ्या नंबरवर फोन करून विचारा.

चेक-इन करताना काउंटरवरच्या माणसाने तुमचा रूम नंबर मोठ्याने उच्चारता कामा नये. आम्ही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो: नंबर दार उघडायच्या की-कार्डाच्या पाकिटावर लिहा, बोट ठेवून दाखवा. कुणी मोठ्याने बोललंच आणि लॉबीत इतर लोक असतील, तर शांतपणे म्हणा, ‘दुसरी खोली द्याल का, हा नंबर सगळ्यांनी ऐकला.’ याने कुणीही दुखावत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स देत असाल तर तिच्यावर हॉटेलचं नाव आणि तारीख आडवी लिहून द्या, म्हणजे ती प्रत दुसरीकडे वापरणं अवघड जातं. सामान उचलणारा माणूस सोबत येत असेल तर येऊ द्या. खोली पहिल्यांदा उघडताना कुणीतरी सोबत असणं चांगलंच.

दार उघडल्यावर ते बॅगेने अडवून उघडंच ठेवा. बाथरूम, कपाट, पडद्यामागे आणि बाल्कनी यांवर एक नजर टाका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सगळं रिकामं दिसलं की मग दार लावा, आणि लावताना हात सोडून बघा. दार आपोआप मिटून कुलपाचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. खूप दारं वरवर बंद दिसतात, पण डोअर क्लोजर सैल झाल्यामुळे बोटभर फट राहिलेली असते. बाहेर जाताना दार ओढून, ढकलून बघण्याची सवय लावून घ्या. खोलीतून वस्तू गेल्याच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या त्यांत कुलूप फोडल्याच्या फार थोड्या होत्या. दार नीट लागलंच नव्हतं, किंवा पाहुण्याने स्वतः उघडलं होतं, अशाच जास्त.

कुलपाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण भीती इथेच सर्वांत जास्त असते आणि माहिती सर्वांत कमी. तुमच्या की-कार्डाखेरीज त्या मजल्याच्या हाउसकीपिंगचं कार्ड, सुपरवायझरचं कार्ड आणि आणीबाणीचं मास्टर कार्ड त्या दाराला चालतं. तुम्ही आत बेशुद्ध पडलात तर आम्हाला पोचता यावं म्हणून ते असतं. बहुतेक इलेक्ट्रॉनिक कुलपं आत नोंद ठेवतात, कोणत्या कार्डाने किती वाजता दार उघडलं याची. ती नोंद नंतर काढता येते. तुमच्या गैरहजेरीत कुणी आल्याची शंका आली तर ‘माझ्या दाराचं लॉक रीडिंग काढा’ असं म्हणा. हे शब्द ऐकले की समोरचा माणूस प्रकरण गांभीर्याने घेतो.

पण इलेक्ट्रॉनिक कुलूप म्हणजे अभेद्य कुलूप नाही. मार्च 2024 मध्ये सुरक्षा संशोधकांनी सॅफलॉक नावाच्या कुलपांमधली त्रुटी जाहीर केली. जगभरातल्या 30 लाखांहून अधिक दारांना ती कुलपं होती आणि बनावट कार्डांनी ती उघडता येत होती. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की आतून फिरवायचा डेडबोल्टसुद्धा त्याच इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला जोडलेला असेल तर तोही त्यामुळे मागे सरकत होता. म्हणून डेडबोल्ट लावाच, पण त्यावर थांबू नका. दाराला वेगळी, हाताने लावायची कडी, साखळी किंवा लोखंडी दांडी असते. ती कार्डाच्या यंत्रणेला जोडलेली नसते. ती आहे का, तिचे स्क्रू घट्ट आहेत का, हे ओढून बघा. सैल असेल तर खोली बदला. बाहेरून ती दांडी उघडण्याची युक्तीही असते, म्हणून एकटीने फिरणाऱ्यांनी रबरी डोअर-स्टॉपर (दाराखाली सरकवायची पाचर) जवळ ठेवावा असं मी सुचवते. दार आत उघडणारं असेल तर खालून ठोकलेला स्टॉपर खुर्चीपेक्षा कितीतरी चांगला. खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, आणि धुराने भरलेल्या अंधारात पळायची वेळ आली तर पहिली अडचण तिचीच. मात्र तुम्हाला फिट येत असतील, साखर अचानक उतरत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर स्टॉपर लावू नका. तुमच्यापर्यंत मदत पोचणं जास्त गरजेचं आहे.

शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर तुमच्या बाजूची कडी लागलेली आहे का बघा. त्याला कडीच नसेल, किंवा पलीकडचे आवाज स्पष्ट येत असतील, तर खोली बदला. बाल्कनीचं सरकतं दार आणि खिडकी एकदा ओढून बघा. दारावरच्या भिंगातून कॉरिडॉर दिसत नसेल तर काच पुसून बघा, आणि झोपताना त्यावर कागदाचा तुकडा चिकटवा. काही साधनांनी भिंगातून उलटं आत बघता येतं.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिला नाही, आणि जी मी सगळ्यांत आधी सांगितली असती: आग. हॉटेलातल्या आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात. 21 नोव्हेंबर 1980 रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात खालच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये आग लागली. 85 माणसं गेली. त्यांतली बहुतेक आगीपासून कितीतरी मजले वर होती. लिफ्टचे शाफ्ट, जिने आणि हवा खेळवण्याची यंत्रणा यांतून धूर वर चढला. त्याआधी 7 डिसेंबर 1946 रोजी अटलांटाच्या वाइनकॉफ हॉटेलात 119 जण मेले. ‘अग्निरोधक’ अशी जाहिरात करणाऱ्या त्या 15 मजली इमारतीला वरून खाली यायला एकच जिना होता आणि आग त्याच बाजूला होती. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना या दोन घटना शिकवतात त्या घाबरवण्यासाठी नव्हे. दोन प्रश्नांची सवय लागावी म्हणून शिकवतात: जिना कुठे आहे, आणि दुसरा जिना कुठे आहे?

म्हणून बॅग ठेवली की लगेच पुन्हा बाहेर या. दाराच्या मागे चिकटवलेला नकाशा नुसता बघून भागत नाही. आपल्या खोलीपासून आगीच्या जिन्यापर्यंत मधली दारं मोजत चाला. डाव्या हाताला पाच दारं, मग जिना, असं. दाट धुरात दिसत काही नाही, भिंतीवर हात ठेवून दारं मोजता येतात. जिन्याचं दार ढकलून उघडतंय का बघा. त्याला कुलूप असेल, साखळी असेल, किंवा आत गाद्या आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतील, तर खोली बदलून काही उपयोग नाही, हॉटेल बदला. एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं. उघडून बघताना स्वतः आत जाऊन दार मिटू देऊ नका. बऱ्याच जिन्यांची दारं आतल्या बाजूने कुलूपबंद होतात आणि मग थेट तळमजल्यापर्यंत उतरावं लागतं.

झोपताना चप्पल, फोन, की-कार्ड आणि छोटा टॉर्च पलंगाजवळ एकाच जागी ठेवा. अलार्म वाजला तर ‘खोटा असेल’ असं समजून पडून राहू नका. मी अलार्म वाजल्यावर दारं ठोठावत मजल्यांवर फिरलेय. सर्वांत जास्त वेळ खाणारी माणसं म्हणजे बॅग भरत बसणारी. दाराला आणि हँडलला हाताची मागची बाजू लावून बघा. थंड असेल तर हळूच उघडा, कॉरिडॉर मोकळा असेल तर की-कार्ड घेऊन जिन्याने खाली. कार्ड यासाठी की खाली धूर असेल तर परत खोलीत येता यावं. लिफ्ट कधीच नाही. धूर थोडा असेल तर वाकून चाला, स्वच्छ हवा जमिनीजवळ असते. दार गरम असेल किंवा कॉरिडॉर धुराने भरला असेल तर आतच थांबा. दार बंद, टॉवेल भिजवून खालच्या फटीत, एसी आणि पंखा बंद, मग अग्निशमन दलाला आणि रिसेप्शनला फोन करून रूम नंबर सांगा आणि खिडकीतून टॉर्च किंवा चादर हलवा. मोबाइलवरून 112 हा आणीबाणीचा क्रमांक पुष्कळ देशांत चालतो. खिडकीची काच फोडू नका. बाहेरून धूर आत आला तर ती परत बंद करता येत नाही.

छोट्या ठिकाणी आगीइतकाच मोठा धोका बाथरूममधला गॅस गिझर. तो बाथरूमच्या आत बसवलेला असेल आणि धूर बाहेर नेणारा पाइप नसेल, तर बंद दारामागे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200हून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं प्रवासाच्या थकव्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस आंघोळ चालूच ठेवतो. वर जाळी आहे म्हणजे हवा खेळते, असं समजू नका. असा गिझर दिसला तर मी ती खोली घेत नाही. दुसरा पर्यायच नसेल तर बादली भरून गिझर बंद करा, खिडकी आणि दार उघडून थोडा वेळ थांबा, मग आंघोळ करा. चालू गिझरखाली बंद दारात उभं राहू नका. वरचेवर अशा ठिकाणी राहणार असाल तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म विकत घ्या. तळहातावर मावतो.

बाथरूममध्येच आणखी दोन गोष्टी. पाहुण्यांना झालेल्या ज्या इजांसाठी मी डॉक्टर बोलावले त्यांत ओल्या फरशीवर किंवा टबमधून बाहेर येताना घसरणं सगळ्यांत जास्त. रबरी मॅट मागवा. हॉटेलकडे असते, मागितल्याशिवाय खोलीत ठेवत नाहीत एवढंच. टॉवेलच्या दांडीला धरून तोल सावरू नका, ती तुमचं वजन पेलत नाही. दुसरं गरम पाणी. 60 अंश सेल्सियसच्या पाण्याने पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं, आणि नव्या जागी नळ कोणत्या बाजूला फिरतो हे माहीत नसतं. आधी गार पाणी सोडा, मग गरम मिसळा, हात लावून बघा, मगच खाली उभ्या राहा. खोली बरेच दिवस बंद असल्याचा कुबट वास आला तर शॉवर आणि नळ काही मिनिटं सोडून बाथरूमबाहेर थांबा. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण 20 ते 45 अंशांच्या दरम्यान, लीजनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. हा आजार पहिल्यांदा लक्षात आला तोच 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या अधिवेशनात. तरुण, धडधाकट माणसाला धोका कमी, पण वय झालेल्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी एवढं जरूर करावं.

इथवर मोजलंत तर दिसेल: खोलीवर नजर, दार आणि कडी, मधलं दार, जिन्यापर्यंत चालणं, बाथरूम. दहा मिनिटं होतात. हे सगळं ठीक निघालं तर झोपायला हरकत नाही असं मी म्हणेन. पुढचं सगळं महत्त्वाचं आहे, पण त्याच्यापायी रात्र जागायची गरज नाही.

छुपा कॅमेरा. नाव असलेल्या हॉटेलात याची शक्यता कमी असते, कारण खोल्या रोज वेगवेगळी माणसं साफ करतात आणि वस्तू ठरलेल्या असतात. एकाच मालकाच्या हातात असलेल्या खोलीत शक्यता जास्त. शोधताना सगळी खोली पालथी घालू नका. पलंगावर आणि बाथरूममध्ये जिथे तुम्ही कपडे बदलाल तिथे उभ्या राहा आणि तिथून समोर काय काय दिसतं ते बघा. कॅमेऱ्याला तुम्ही दिसायला हव्या असाल तर तुम्हालाही तो दिसायला हवा. पलंगाकडे तोंड केलेलं घड्याळ, विनाकारण लावलेला चार्जर, छतावर एकाऐवजी दोन स्मोक डिटेक्टर, अशा वस्तूंवर संशय घ्या. दिवे घालवून फोनच्या टॉर्चचा झोत हळूहळू फिरवलात तर भिंग चमकतं. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपक्यासारखे दिसतात. तुमच्या फोनला ते दिसतात का, हे आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासा. वायफायवरचे कॅमेरे शोधणाऱ्या अ‍ॅपवर मी विसंबणार नाही, कारण मेमरी कार्डावर साठवणारा कॅमेरा त्यात दिसतच नाही. आरसा पलीकडून आरपार दिसणारा आहे का हे आरशाला बोट लावून बघायची युक्तीही भरवशाची नाही. अंधार करून काचेला टॉर्च चिकटवून पलीकडे पोकळी दिसते का ते बघा. काही सापडलंच तर हात लावू नका, फोटो काढा, खोलीबाहेर या आणि पोलिसांना कळवा. मालकाला नंतर.

दारावर कुणी आलं तर आधी विचारा. ‘हाउसकीपिंग’ किंवा ‘एसीची दुरुस्ती’ असं ऐकू आलं आणि तुम्ही बोलावलं नसेल, तर दार न उघडता रिसेप्शनला फोन करून खात्री करून घ्या. खरा कर्मचारी बाहेर थांबतो, त्याला राग येत नाही. मध्यरात्री फोन येऊन ‘कार्डाचं पेमेंट अडकलंय, नंबर सांगा’ असं म्हटलं तर फोन ठेवा. हॉटेलला घाई नसते, तुम्ही सकाळी काउंटरवर येणारच आहात. ‘डू नॉट डिस्टर्ब’चा फलक बाहेर जाताना लावून ठेवला तर खोलीत कुणी असल्यासारखं वाटतं, आणि टीव्हीचा मंद आवाज जोडीला चालतो. पण फलक एक-दोन दिवस सलग राहिला तर आम्ही आत माणूस ठीक आहे ना हे बघायला दार वाजवतो. तेव्हा ‘फलक असताना का आलात’ म्हणून घाबरू नका.

मौल्यवान वस्तूंबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खोलीतल्या सेफला मॅनेजमेंटचा वेगळा कोड असतोच, कारण लोक आपला कोड विसरतात. शिवाय काही सेफ कपाटाला पक्के केलेले नसतात, हलवून बघा. त्यात पासपोर्ट, जास्तीचं कार्ड, थोडी रोकड ठेवायला हरकत नाही. खरोखर महाग वस्तू प्रवासात नेऊच नका, न्यावीच लागली तर काउंटरवर पावती घेऊन जमा करा. बऱ्याच देशांच्या कायद्यात हॉटेलची जबाबदारी अशा जमा केलेल्या वस्तूंसाठी वेगळी आणि जास्त असते.

ढेकूण महागड्या हॉटेलांतही असतात, ते सामानातून येतात. बॅग आल्याआल्या पलंगावर टाकू नका. बाथरूममध्ये किंवा धातूच्या रॅकवर ठेवा आणि उशीकडच्या बाजूची चादर उचलून गादीची शिवण टॉर्चने बघा. काळे बारीक ठिपके, कात टाकल्यासारखी सालं, किंवा सफरचंदाच्या बीएवढा तपकिरी किडा दिसला तर फोटो काढून खोली बदलून घ्या, आणि नवी खोली शेजारची, वरची किंवा खालची नको असं सांगा. घरी आल्यावर कपडे गरम ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवले की अंडीसुद्धा मरतात.

राहिली झोप. पहिल्या रात्री झोप न लागणं हा तुमचा भित्रेपणा नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो आणि वेगळ्या आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. नंतरच्या झोपेत हा फरक राहत नाही. म्हणून महत्त्वाची बैठक असेल आणि जमत असेल तर एक रात्र आधी पोचा. नसेल जमत तर आवाजातला चढ-उतार कमी करा. एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवलात तर तो थांबतो, सुरू होतो आणि प्रत्येक वेळी जाग येते. एकाच वेगावर ठेवा. तापमान नेहमीपेक्षा थोडं कमी. पडद्यांची फट पँट अडकवायच्या हँगरच्या चिमट्याने बंद करा. आदल्या पाहुण्याने लावलेला गजर पलंगाजवळच्या घड्याळात असतो, तो बंद करा. उशी आवडली नाही तर दुसरी मागा. घरची उशीची खोळ सोबत नेली तर ओळखीचा वास मिळतो, नेहमी फिरणारी बरीच माणसं हे करतात.

खोली बदलून मागायला संकोच वाटतो असं तुम्ही लिहिलंय. कारण लांबलचक सांगू नका, माफीही मागू नका. सामान न उघडता, चादर न विस्कटता, पहिल्या दहा मिनिटांत फोन करा: ‘दाराची कडी सैल आहे, मला दुसरी खोली हवी.’ न वापरलेली खोली आम्हाला लगेच दुसऱ्याला देता येते, त्यामुळे या वेळेत नकार सहसा येत नाही. तासाभराने, आंघोळ करून सांगितलंत तर ती खोली पुन्हा साफ करावी लागते आणि मग टाळाटाळ सुरू होते. काउंटरवरच्या मुलाने हॉटेल भरलंय असं सांगितलं तर ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. त्याच्याकडे ऐनवेळच्या गरजेसाठी एखाददुसरी खोली राखून ठेवलेली असू शकते, आणि नसलीच तर तो माणूस पाठवून कडी तुमच्यासमोर दुरुस्त करून घेऊ शकतो. त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, आणि तक्रार लॉग बुकमध्ये नोंदवायला सांगा. सकाळची पाळी आली की ते बुक पहिल्यांदा वाचलं जातं.